'येशूच्या नावाने' म्हणजे नेमके काय?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. गेल्या महिन्यात त्यांच्या नव्या जागेच्या प्रार्थनेला आम्ही दोघेही गेलो होतो. प्रत्येक प्रार्थना, मग ती आजोबांची असो की सात वर्षांच्या नातीची, 'येशूच्या नावाने मागतो, आमेन' याच शब्दांवर संपत होती. आम्ही वारकरी घरातले; नामस्मरण ऐकतच लहानाचे मोठे झालो. तेव्हा हे आमच्या नामस्मरणासारखेच आहे का, आणि त्या नावात शक्ती आहे असे म्हणतात ती अक्षरांची की आणखी कशाची? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : बायबलकडे जाण्याआधी मी मराठीपासून सुरुवात करतो, कारण 'नाव' या शब्दाकडून आपण मराठी माणसे जेवढी कामे करून घेतो, तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाकडून करून घेत असू. बाळाचे नाव ठेवतात आणि शेजाऱ्याला नावे ठेवतात. मुलगी घराण्याचे नाव काढते, मुलगा ते घालवतो. जमीन नावावर होते, वर्गणीची पावती नावाने फाडली जाते, आणि हिशेबात एक बाजू जमेची असते तर दुसरी नावेची. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका तर नवऱ्याचे नाव उखाण्यात गुंफल्याखेरीज ओठांवर आणत नसत. यांपैकी एकाही ठिकाणी नाव म्हणजे नुसती हाक मारण्याची सोय नाही. त्यात माणसाची पत आहे, हक्क आहे, अब्रू आहे, आणि प्रसंगी त्याचे ऋणही आहे. बायबलमध्ये 'नाव' हा शब्द येतो तो एवढ्याच वजनाचा.

ज्या यहूदी समाजात येशूचा जन्म झाला, त्या समाजात देवाचे नाव चार व्यंजनांनी लिहिलेले असे, पण शास्त्र वाचताना ते उच्चारले जात नसे. त्याच्या जागी 'अदोनाय', म्हणजे 'माझा प्रभू', असे म्हणण्याची रीत पडली आणि ती आजही पाळली जाते. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये, ही तर दहा आज्ञांपैकीच एक आज्ञा. आजीच्या उखाण्यामागचा संकोच आणि ही रीत एकच आहे असे मी म्हणणार नाही, परंतु काही नावे येताजाता तोंडातून काढायची नसतात ही जाणीव समजून घ्यायला मराठी वाचकाला फार लांब जावे लागत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, देवदूत योसेफाला स्वप्नात सांगतो की, होणाऱ्या मुलाचे नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. या वाक्यातले 'कारण' मूळ नाव माहीत असल्याशिवाय उलगडत नाही. ते नाव 'येशुआ'. 'यहोशवा' या जुन्या हिब्रू नावाचे ते आटोपशीर रूप, आणि त्याचा अर्थ 'परमेश्वर तारतो'. म्हणजे नावातच मुलाचे काम सांगून ठेवलेले आहे. दुसरा चरित्रकार लूक लिहितो की आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळी, हे नाव ठेवण्यात आले. आपल्याकडे बाराव्या दिवशी आत्या पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगते. इथे आत्याच्या आधीच देवदूत येऊन गेला होता, असे आमचे एक वृद्ध पाळक बारशाच्या प्रार्थनेत हमखास म्हणत, आणि दरवेळी तेवढेच हसू पिकत असे.

एवढे वाचून वाटेल की सामर्थ्य या अर्थपूर्ण अक्षरांतच असावे. पण तसे म्हणता येत नाही, कारण त्या काळी ते अगदी चारचौघांचे नाव होते. आरंभीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल याच्या एका यहूदी सहकाऱ्याचे नाव येशू होते, त्याला युस्त म्हणत. सायप्रस बेटावर पौलाच्या आड आलेल्या जादूगाराचे नाव बर्येशू, म्हणजे 'येशूचा मुलगा'. आणि मत्तयाच्या काही जुन्या हस्तलिखितांत तर येशूऐवजी ज्या बरब्बा नावाच्या कैद्याला रोमन सुभेदार पिलाताने सोडून दिले, त्याचेही नाव 'येशू बरब्बा' असे आढळते. ते खरे धरले, तर त्या सकाळी यरुशलेमेत पिलाताने जमावापुढे दोन येशूंची नावे ठेवली होती आणि जमावाने त्यांतला एक मागून घेतला. अक्षरांतच सामर्थ्य असते, तर ते या सगळ्यांच्या वाट्याला आले असते.

मग 'नावाने' म्हणजे काय? मी आठ-नऊ वर्षांचा असताना गुरुवार पेठेत आजोबांचे एका वाण्याकडे खाते होते. पिशवी आणि तेलाची बाटली घेऊन जायचे, 'आजोबांच्या नावावर लिहा' म्हणायचे, आणि खिशात दमडी नसताना गूळ, तेल, तूरडाळ हाती पडायची. वाणी लांबट लाल चोपडीत पेन्सिलीने आकडा टाकायचा. एकदा यादीतल्या जिनसांना जोडून मी पावशेर लिमलेटच्या गोळ्या मागितल्या. वाण्याने पेन्सिल कानामागे खोचली आणि विचारले, "हे आजोबांनी सांगितलंय?" मी गप्प. गोळ्या मिळाल्या नाहीत, आणि तेलाची बाटली घेऊन घरी येईपर्यंत कान तापलेले होते. त्या वाण्याला बायबल ठाऊक नव्हते, पण 'नावाने मागणे' त्याला पुरेपूर कळलेले होते. पत माझी नव्हती, आजोबांची होती. म्हणून मला मिळत होते. आणि त्या खात्यावर तेच मिळणार होते, जे आजोबांनी स्वतः मागितले असते.

'येशूच्या नावाने' या शब्दांत या दोन्ही गोष्टी आहेत. प्रार्थना करणारा पित्याला, म्हणजे देवाला, सांगत असतो की, मी माझ्या पुण्याईवर काही मागत नाही, ती माझ्यापाशी नाही. मी तुझ्या पुत्राच्या खात्यावर मागतो. मत्तयाच्या शेवटी पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या 'नावाने' बाप्तिस्मा द्या असे सांगताना जो ग्रीक शब्दप्रयोग आला आहे, तसाच प्रयोग त्या काळच्या हिशेबाच्या कागदांत 'अमक्याच्या खात्यावर' या अर्थाने आढळतो, असे अभ्यासकांनी दाखवलेले आहे. (जाता जाता एक गाऱ्हाणे: अलीकडे अनेक सभांतून 'येशूच्या नावात' किंवा 'नावामध्ये' असे ऐकू येते. मराठीत नावात काही मागता येत नाही, नावाने मागता येते. परंतु हा मास्तरकीचा राग झाला. त्याने कोणाची प्रार्थना अडत नाही.)

लूकनेच लिहिलेल्या 'प्रेषितांची कृत्ये' या बायबलमधल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात हे प्रत्यक्ष घडताना दिसते. मंदिराच्या 'सुंदर' नावाच्या दरवाजाशी एक जन्मापासून पांगळा मनुष्य भीक मागत असे. त्याचे वय चाळिशीच्या पुढचे होते आणि त्याला रोज कोणीतरी उचलून आणून ठेवत. येशूचा शिष्य पेत्र त्याला सांगतो की सोनेरुपे आपल्याजवळ नाही, आणि येशूच्या नावाने चालायला सांगून त्याचा उजवा हात धरून उठवतो. लोक गोळा होतात तेव्हा पेत्राचे पहिले बोलणे असे की, आमच्याकडे टक लावून काय पाहता, हे आमच्या सामर्थ्याने किंवा भक्तीने झाले आहे काय? दुसऱ्या दिवशी त्याला धर्माधिकाऱ्यांसमोर उभे करतात, आणि त्यांचा प्रश्न मला फार नेमका वाटतो: हे तुम्ही कोणत्या सामर्थ्याने किंवा कोणत्या नावाने केले? 'सामर्थ्य' आणि 'नाव' हे शब्द ते एकमेकांशेजारी ठेवतात, कारण त्यांच्या दृष्टीने ती एकच चौकशी होती: तुमच्या पाठीशी कोण आहे?

याच पुस्तकात पुढे एकोणिसाव्या अध्यायात उलटी गोष्ट आहे. इफिस येथे एका यहूदी मुख्य याजकाचे सात मुलगे भुते काढण्याचा उद्योग करत. पौल येशूचे नाव घेतो आणि गुण येतो, हे पाहून त्यांनीही 'पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची शपथ' असे म्हणून पाहिले. भुताने उत्तर दिले की येशूला मी ओळखतो, पौलही मला ठाऊक आहे, पण तुम्ही कोण? आणि त्या भुताने पछाडलेल्या माणसाने त्यांना असे बदडले की ते उघडेनागडे, रक्तबंबाळ होऊन घराबाहेर पळाले. नाव बरोबर होते, उच्चारही बरोबरच असणार; खाते त्यांचे नव्हते. लूकने ही गोष्ट किंचित मिस्कीलपणे सांगितली आहे असे मला नेहमी वाटते. ती कळल्यावर त्या शहरातल्या जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तके आणून चौकात जाळली आणि त्यांची किंमत ५०,००० रौप्य नाणी भरली, असा हिशेबही तो देतो.

आता आपल्या नामस्मरणाविषयी. साम्य नाही असे नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये 'हे प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर' ही एकच प्रार्थना गाठी मारलेल्या दोरीवर मोजत, श्वासाच्या लयीत, दिवसभर पुन्हा पुन्हा म्हणण्याची शतकानुशतकांची साधना आहे. ही परंपरा वारकऱ्याला परकी वाटणार नाही. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी ख्रिस्ताविषयी लिहिताना अभंग सोडला नाही, आणि आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, हे सर्वश्रुत आहे. शिवाय नुसत्या ओठांच्या नामाला वारकरी संतांनीही मोल दिलेले नाही. भावाविना नाम ही तक्रार त्यांचीही आहे. म्हणून 'तुमचे नुसते अक्षरांचे, आमचे अर्थाचे' असा भेद करणे मला पटत नाही आणि ते खरेही नाही.

भेद आहे तो नावाच्या जागेत. नामस्मरणात नाम हेच साधन असते आणि पुष्कळदा तेच साध्यही असते. आपल्या शेजाऱ्यांच्या प्रार्थनेत नाव सर्वांत शेवटी आले, ते सहीसारखे. मागणे पित्याकडे आहे, आणि ते कोणाच्या हक्काने केले आहे, एवढे शेवटी सांगितले आहे. त्या सात वर्षांच्या मुलीला हे सारे ठाऊक असेल असे नाही. मलाही त्या वयात फक्त वाण्याची चोपडी ठाऊक होती.

पुण्यात राहत असल्याने आणखी एक सांगावेसे वाटते. ज्येष्ठात माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते, तेव्हा तिथून जवळच, गुरुवार पेठेत, पंचहौदचे ख्रिस्ती देवालय उभे असते. पंचहौद म्हटले की इतिहासाच्या वाचकाला १८९० सालचा चहा आठवतो, जो घेतल्याबद्दल लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि इतर मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आले. देवालयाचे नाव मात्र फारसे कोणी विचारत नाही. ते आहे 'पवित्र नाम देवालय'. माझी आजी तिथे उपासनेत 'येशू' हा शब्द आला की दरवेळी डोके किंचित खाली झुकवत असे; पदर सावरल्यासारखी ती हालचाल असायची, शेजारच्या बाकावरच्या माणसाच्याही लक्षात येऊ नये इतकी लहान. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकावा असे म्हटले आहे, त्यावरून ही जुनी चाल आली. आजीचे गुडघे दुखत, म्हणून तिने मानेवर भागवले असेल, असे मी लहानपणी समजत असे.

प्रश्न : आमच्या प्रार्थनागटात नव्याने आलेले काही जण आग्रहाने सांगतात की 'येशू' हे बिघडलेले नाव आहे, 'येशुआ' असे मूळ हिब्रू नाव उच्चारले तरच प्रार्थना ऐकली जाते. यात तथ्य आहे का? — एक वाचक, पिंपरी

उत्तर : नाही. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला, आणि त्यात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'येसूस' असेच नाव आहे. ग्रीकमध्ये 'श' हा उच्चार नाही, म्हणून 'स' आला. पुरुषाच्या नावाला त्या भाषेत शेवटी 'स' लागतो, म्हणून तोही आला. खुद्द यहूद्यांनी आपल्या शास्त्राचे जे ग्रीक भाषांतर ख्रिस्ताच्या आधीच केले होते, त्यात नूनाचा पुत्र यहोशवा याचे नावही असेच लिहिलेले आहे. म्हणजे ज्यांनी येशूला डोळ्यांनी पाहिले, त्याच्याबरोबर मासे खाल्ले, त्या पिढीनेच ते नाव दुसऱ्या भाषेत नेताना मूळ उच्चाराचा हट्ट धरला नाही. येशूच्या पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेत जमलेल्या परदेशी लोकांनी देवाची महत्कृत्ये ऐकली, तीही हिब्रूत नव्हे तर ज्याच्या त्याच्या बोलीत.

कोकणी ख्रिस्ती बांधव 'जेजू' म्हणतात, हिंदीत कोठे 'यीशु' आहे तर कोठे 'येसु', मुसलमान बांधव 'ईसा' म्हणतात, आणि आपण 'येशू'. गंमत अशी की, मूळचा 'श' मराठीने जपला आहे. या बाबतीत आपण ग्रीकांपेक्षा येशूच्या नासरेथ गावाच्या जास्त जवळ आहोत. परंतु त्याबद्दल आपल्याला प्रार्थनेत काही सवलत मिळेल, असे समजण्याचे कारण नाही. ज्यांना प्रेमाने 'येशुआ' म्हणावेसे वाटते त्यांनी खुशाल म्हणावे. दुसऱ्याच्या प्रार्थनेवर उच्चाराचा जकात नाका बसवू नये.

प्रश्न : माझ्या आईला कर्करोग झाला होता. वर्षभर आम्ही घरातले सर्व जण रोज रात्री येशूच्या नावाने तिच्या बरे होण्यासाठी प्रार्थना करत होतो. जानेवारीत ती गेली. शेवटचे दोन दिवस तिला काहीच बोलता येत नव्हते, फक्त अधूनमधून 'येशू' एवढेच ऐकू येई. भेटायला आलेल्या एका उपदेशकांनी आम्हाला सांगितले की त्या नावात पूर्ण सामर्थ्य आहे, तुम्ही ते विश्वासाने घेतले नाही. 'माझ्या नावाने काही मागाल तर मी ते करीन' असे योहानात खरोखर लिहिलेले आहे. मग चूक आमची का? — एक वाचक, हडपसर

उत्तर : चूक आपली नाही, आणि हे मी आपले मन राखण्यासाठी लिहीत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातले ते वचन खरे आहे. पण ते उच्चारले गेले ती रात्र कोणती होती, तेही पाहिले पाहिजे. प्रभू येशू शिष्यांबरोबर शेवटच्या भोजनास बसला होता. तेथून उठून तो गेथशेमाने बागेत गेला आणि त्याने स्वतः प्रार्थना केली की शक्य असेल तर हा प्याला माझ्यापासून टळो. तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मत्तयाप्रमाणे त्याने हे तीनदा मागितले. प्याला टळला नाही. ज्याच्या नावाने आपण मागत होता, त्याचे स्वतःचे मागणे त्या रात्री असे परतले. आणि त्याच्या ठायी विश्वास कमी पडला, असे म्हणण्याचे धाडस ते उपदेशक करणार नाहीत. पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली. त्याला उत्तर मिळाले, पण काटा गेला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, असे ते उत्तर होते.

फिलिप्पैकरांच्या ज्या पत्रात सर्व नावांहून श्रेष्ठ असे नाव देवाने येशूला दिले असे म्हटले आहे, तेथे त्याआधीची ओळ वगळून ते वचन सांगितले जाते, आणि अनर्थ तेथून सुरू होतो. आधी लिहिले आहे की त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, आणि मरण, तेही वधस्तंभावरचे मरण, सोसण्यापर्यंत तो आज्ञाधारक राहिला. 'म्हणून' देवाने त्याला ते नाव दिले. त्या नावाचे सामर्थ्य वधस्तंभाला वळसा घालून आलेले नाही. तेव्हा ते नाव घेणाऱ्याला आजार येणार नाही किंवा आलेला जाईलच, असे वचन त्यात वाचणे म्हणजे नाव घेऊन नावाचा धनी विसरणे होय. देव बरे करतो, आणि ख्रिस्ती लोकांनी आजाऱ्यांसाठी त्याच नावाने मागत राहावे, असेच मी मानतो. पण बरे न होणे हा विश्वासाच्या परीक्षेतला नापासाचा शेरा नव्हे, आणि तो शेरा मारण्याचा अधिकार घरी भेटायला आलेल्या पाहुण्याला तर मुळीच नाही.

कृत्यांच्या सातव्या अध्यायात स्तेफनाला दगडमार होत असताना तो येशूचे नाव घेऊन हाक मारतो. दगड थांबावेत असे तो म्हणत नाही. 'प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर' एवढेच म्हणतो, आणि मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. त्याचे नाव घेणे वाया गेले असे मंडळीने गेल्या दोन हजार वर्षांत कधी म्हटलेले नाही. उलट त्याला पहिला हुतात्मा म्हणून मान दिला.

आपल्या आईला शेवटी एकच शब्द उरला होता, आणि तो त्यांनी सोडला नाही. त्या उपदेशकांची पुन्हा भेट झाली, तर त्या एका शब्दाला आणखी काय जोडायचे राहिले होते, एवढे त्यांना विचारावे.